कोलंबस, इंडियाना: सूर्यास्ताची आणि काळोखाची वेळ न चुकता कशी काढायची

दिवाळीच्या आठवड्यात मला दरवर्षी तेच दोन-तीन फोन येतात. "ताई, पूजेचा मुहूर्त संध्याकाळी सहा चाळीसचा आहे, मग आपल्याकडे सकाळी आठ-नऊला करायची का?" नाहीतर मग "फोनवर सूर्यास्त पाच पंचवीस दाखवतंय पण बाहेर तर अजून ऊन आहे". पुण्याहून कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे आलेली बरीच मराठी घरं या गावात आहेत आणि चुका सगळ्यांच्या साधारण त्याच होतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतेय. आकडे सगळे कोलंबस, इंडियानाचे आहेत. दुसऱ्या गावात असाल तर पद्धत हीच वापरा, आकडे मात्र तुमच्या गावाचे काढा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. सूर्यास्त गावागावाचा वेगळा असतो, त्याचं भारतातल्या वेळेवरून रूपांतर करायचं नसतं. तिथी बदलते ती मात्र सगळ्या जगात एकाच क्षणी, म्हणून तिचंच फक्त रूपांतर करायचं. निम्म्याहून जास्त गोंधळ या दोन गोष्टी उलट केल्याने होतात.

१. आधी तयारी: चार गोष्टी कागदावर लिहा

पहिली, गावाचं पूर्ण नाव आणि झिप कोड, म्हणजे कोलंबस, इंडियाना, ४७२०१. दुसरी, अमेरिकेतली तारीख, आणि तीही महिन्याचं नाव अक्षरात लिहून, कारण इथे ११/८ म्हणजे आठ नोव्हेंबर आणि आपल्या डोक्यात ते अकरा ऑगस्ट असतं, वेबसाइटवर भलतीच तारीख टाकली जाते आणि भलत्याच महिन्याचा सूर्यास्त मिळतो. तिसरी, त्या दिवशी घड्याळ उन्हाळी (म्हणजे एक तास पुढे केलेलं) आहे की हिवाळी. चौथी, वेळ कशासाठी हवी आहे: देवाजवळ दिवा, लक्ष्मीपूजन, प्रदोष, मुलांना बागेतून परत आणायचंय, गाडी चालवायचीय की तारे बघायचेत. ही चौथी लोक लिहीतच नाहीत आणि मग शेवटी "अंधार कधी" आणि "सूर्यास्त कधी" यांची गल्लत होते.

२. गाव बरोबर निवडलंय का ते बघा

कोलंबस नावाची गावं अमेरिकेत ढीगभर आहेत. ओहायोचं कोलंबस मोठं शहर, त्यामुळे कुठेही नुसतं "कोलंबस" टाइप केलं की बहुतेक वेळा तेच आधी येतं. ते आपल्या पूर्वेला जवळजवळ तीन अंश आहे, पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे तिथला सूर्य आपल्याआधी मावळणार. जूनमध्ये हा फरक साधारण नऊ मिनिटांचा, डिसेंबरमध्ये चौदाचा. जॉर्जियातलं कोलंबस निवडलं गेलं तर जूनमध्ये तब्बल तेवीस मिनिटं चुकतात, कारण ते बरंच दक्षिणेला आहे आणि उन्हाळ्यात तिथला दिवस लहान.

इंडियानाच्या आतही एक गंमत आहे. राज्यातल्या ९२ काउंट्यांपैकी १२ सेंट्रल टाइमवर चालतात, वायव्य कोपऱ्यातल्या सहा आणि नैऋत्य कोपऱ्यातल्या सहा. बाकी ८० ईस्टर्नवर, आपली बार्थोलोम्यू काउंटीही त्यातच. इव्हान्सविलला राहणाऱ्या मैत्रिणीने पाठवलेली वेळ सेंट्रलची असणार, ती आपल्या घड्याळात तासाभराने चुकीची दिसेल.

*तपासा:* वेबसाइटवर गावाच्या नावाखाली अक्षांश-रेखांश दिलेले असतात. साधारण ३९.२ उत्तर आणि ८५.९ पश्चिम दिसले तर गाव आपलंच. पश्चिमचा आकडा ८३ दिसला की समजा ओहायो.

फोनचं हवामानाचं ॲपही इथेच फसवतं. सासर-माहेरची हवा बघायला पुणे, सातारा वगैरे शहरं त्यात टाकलेली असतात आणि आपण पानं सरकवता सरकवता पुण्याच्या पानावर थांबलेलो असतो. वर नाव वाचल्याशिवाय आकडा घेऊ नका.

३. तक्ता काढा, पण घड्याळ कुठलं ते वाचा

मी वर्षाचा तक्ता यूएस नेव्हल ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या साइटवरून काढते. एकाच पानावर वर्षभराची प्रत्येक तारीख येते, महिने आडवे आणि तारखा उभ्या, फुकट आहे आणि प्रिंट करून फ्रिजला लावता येतो. साइट जागा विचारते, वर्ष विचारते आणि कुठला तक्ता हवा ते विचारते: सूर्योदय-सूर्यास्त, चंद्रोदय-चंद्रास्त, की तीन ट्वायलाइटपैकी (संधिप्रकाश, पुढे सांगते) एखादा. पहिल्या वेळी सूर्योदय-सूर्यास्तच घ्या.

आकडे मध्ये टिंब न देता चोवीस तासांच्या घड्याळात छापलेले असतात. २१ डिसेंबरच्या ओळीत १७२४ दिसलं तर ते संध्याकाळचे पाच चोवीस. इथवर कोणी चुकत नाही. चूक होते जूनमध्ये. २१ जूनला तक्त्यात २०१३ दिसतं, आपण वाचतो आठ तेरा, आणि बाहेर बघावं तर आठ तेराला लख्ख ऊन. कारण तो अख्खा तक्ता हिवाळी म्हणजे स्टँडर्ड टाइममध्ये असतो, आणि तळाशी एक बारीक ओळ असते की उन्हाळी वेळ चालू असेल तर एक तास मिळवा. ती ओळ कुणी वाचत नाही! खरी वेळ नऊ तेरा.

मी तक्ता प्रिंट केल्याबरोबर पहिलं काम काय करते तर पिवळा हायलाइटर घेऊन मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंतचे सगळे रकाने रंगवते. पिवळं म्हणजे एक तास मिळवायचा. पांढरं म्हणजे आहे तसं वाचायचं. घरातली शाळकरी मुलंसुद्धा मग बरोबर वाचतात.

इशारा: फोनवरची ॲप आणि बऱ्याच वेबसाइट तो तास आधीच मिळवून दाखवतात. तिथे परत एक मिळवलात तर जूनमध्ये सूर्यास्त सव्वादहाला येईल. एका वेळी एकच स्रोत घ्या, आणि तो कुठल्या घड्याळाचा आहे हे पहिल्यांदा एकदा पडताळून त्याच्यावर लिहून ठेवा.

४. घड्याळ बदलायचे दोन दिवस वेगळे काढा

२०२६ मध्ये हे दिवस ८ मार्च आणि १ नोव्हेंबर आहेत, दोन्ही रविवार, बदल पहाटे दोनला होतो. शनिवारी ७ मार्चला सूर्यास्त ६:४२ ला आणि दुसऱ्याच दिवशी ७:४३ ला. शरद ऋतूत उलटं: ३१ ऑक्टोबरला ६:४४ आणि १ नोव्हेंबरला ५:४३. सूर्य त्याच्या चालीनेच चालतो, आपलं घड्याळ उडी मारतं.

दिवाळी नेमकी या उडीच्या आगेमागे येते आणि म्हणून "मागच्या वर्षी सातला केली होती" हा हिशोब कधीच धरायचा नाही. २०२५ मध्ये इथे लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला झालं, सूर्यास्त सातला एखादं मिनिट कमी. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे आणि सूर्यास्त ५:३६ ला. जवळजवळ दीड तासाचा फरक! मागच्या वर्षीची वेळ धरून पाहुण्यांना साडेसहाला बोलावलंत तर ते येतील तेव्हा बाहेर अंधार पडलेला असेल आणि सूर्यास्त होऊन जवळजवळ तास झालेला असेल.

आणखी एक, भारताशी फरक उन्हाळी घड्याळात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. खाली तिथीचं रूपांतर करताना हा लागणार आहे.

५. सूर्यास्त म्हणजे नक्की कुठला क्षण

तक्त्यातला सूर्यास्त म्हणजे सूर्याच्या बिंबाची वरची कड सपाट क्षितिजाखाली गेली तो क्षण. हवेमुळे प्रकाश वाकतो, त्यामुळे बिंब आपल्याला दिसत असतं तेव्हा ते खरं म्हणजे आधीच खाली गेलेलं असतं, तोही हिशोब त्यात धरलेला असतो. काही पंचांगं वरची कड न धरता बिंबाचा मध्य धरतात, काही प्रकाशाचं वाकणं धरत नाहीत, म्हणून पंचांग आणि तक्ता यात तीन-चार मिनिटं इकडेतिकडे दिसली तर घाबरू नका. अर्ध्या तासाचा फरक दिसला तर मात्र गाव चुकलंय, आणि बरोबर एक तासाचा दिसला तर घड्याळ.

आता डोळ्यांनी तपासायचं. मिल रेस पार्कमध्ये नदीकाठी उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा. समोर झाडं आहेत, सूर्य त्या झाडांमागे तक्त्यातल्या वेळेच्या काही मिनिटं आधीच जातो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वाटलं तक्ता चुकला, मग मागे वळून उंच इमारतीच्या वरच्या काचांकडे बघितलं तर त्या अजून केशरी पेटलेल्या होत्या, आणि त्यांच्यावरचा तो रंग खालून वर सरकत सरकत तक्त्यातल्या मिनिटाच्या आसपासच विझला. तेव्हापासून मी झाडांपेक्षा उंच काचेकडे बघते.

६. काळोख कुठला हवाय ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

सूर्य मावळला की लगेच काळोख पडत नाही, आणि इथे तो पुण्यापेक्षा उशिरा पडतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा जो उजेड त्याला सिव्हिल ट्वायलाइट म्हणतात, आपली कातरवेळ साधारण हीच, अंगणातली पोरं ओळखू येतात, दिवा न लावता रस्ता दिसतो. बारा अंशांपर्यंत नॉटिकल, झाडांच्या नुसत्या आकृत्या उरतात. अठरा अंशांपर्यंत ॲस्ट्रॉनॉमिकल, आणि त्यानंतर आकाशापुरता पुरता काळोख.

पुण्यात सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, इथे तो तिरका घसरत जातो, त्यामुळे तेवढेच अंश खाली जायला त्याला जास्त वेळ लागतो. २१ जूनचं उदाहरण घ्या. सूर्यास्त ९:१३, कातरवेळ संपते ९:४६ ला, नॉटिकल संपतं १०:२६ ला, आणि पुरता काळोख ११:१४ ला. म्हणजे सूर्य मावळल्यावर दोन तास! २१ डिसेंबरला सूर्यास्त ५:२४, कातरवेळ संपते ५:५४ ला आणि पुरता काळोख सातच्या सुमाराला.

तेव्हा साधा नियम: सूर्यास्तात अर्धा तास मिळवला की रस्त्यावरचा उजेड संपला. वर्षभर हा आकडा साधारण २७ ते ३३ मिनिटांमध्येच हलतो, म्हणून रोजच्या कामाला वेगळा तक्ता लागत नाही. तारे बघायचे असतील तर मात्र ॲस्ट्रॉनॉमिकल ट्वायलाइटचा तक्ता वेगळा काढा, तिथे अंदाज चालत नाही. ऑगस्टमधल्या पर्सिड उल्कांसाठी १२ ऑगस्टला सूर्यास्त ८:४३ आणि खरा काळोख १०:२४ ला, मुलांना नऊला घेऊन गेलात तर ती तासभर डास मारत बसतील आणि झोपून जातील. (२०२६ मध्ये त्याच दिवशी अमावस्या आहे, चंद्राचा त्रास नाही, जरूर जा.)

इशारा: ढगाळ नोव्हेंबरमध्ये कातरवेळ असूनही अंधारून येतं. आणि स्टेट रोड ४६ वरून ब्राउन काउंटीतून परत येताना टेकड्यांच्या मध्ये सूर्य आधीच दिसेनासा होतो, हरणं नेमकी याच वेळेला रस्त्यावर येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर फारच. पानांचे रंग बघायला गेलात तर सूर्यास्ताच्या आधी परतीला लागा, अर्ध्या तासाचा हिशोब तिथे धरू नका.

७. पूजेची वेळ: आधी तिथी, मग सूर्यास्त

क्रम उलटा करू नका.

आधी भारतातल्या पंचांगातून तिथी कधी सुरू होते आणि कधी संपते तेवढंच घ्या, मुहूर्त घेऊ नका. त्या दोन वेळांमधून साडेनऊ किंवा साडेदहा तास वजा करा. मग इथला सूर्यास्त त्या दोन वेळांच्या मध्ये कुठल्या दिवशी पडतो ते बघा. तो दिवस आपला.

२०२५ चं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ऑक्टोबरला होतं आणि अमावस्या त्या दिवशी संध्याकाळी ५:५४ ला संपत होती. त्यातून साडेनऊ तास वजा केले की इथे २१ तारखेला सकाळचे ८:२४. म्हणजे २१ च्या संध्याकाळी इथे अमावस्या उरलेलीच नव्हती! इथली अमावस्येची संध्याकाळ होती सोमवारची, २० तारखेची. ज्यांनी घरच्या कॅलेंडरवरची तारीख बघून मंगळवारी पूजा मांडली त्यांची प्रतिपदेला झाली. त्यांच्या मनात काही खोट नव्हती आणि मी कुणाला नावं ठेवत नाही, पण हौसेने फराळ करून, रांगोळ्या काढून एवढं सगळं केल्यावर ही रुखरुख राहू नये असं मला मनापासून वाटतं.

दिवस ठरला की प्रदोषकाळ. सूर्यास्तापासून तीन मुहूर्त, आणि मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, एकूण दोन तास चोवीस मिनिटं. ८ नोव्हेंबर २०२६ ला हे ५:३६ ते ८:०० होतं. काही जण रात्रीचे पंधरा भाग करून त्यातले तीन घेतात, रात्र लांब असल्याने तो काळ मग ८:२० च्या थोडा पुढे जातो. तुमच्या घरी जे चालत आलंय ते धरा, पण सहा ते आठ ही वेळ दोन्हीत बसते, म्हणून मी सरळ सगळ्यांना साडेपाचला बोलावते, सहाला कलश मांडून पूजेला बसतो आणि सातला जेवणं. त्या दिवशी रविवार आहे, कामावरून धावत यायचंही नाही.

रोजच्या दिव्याबद्दल माझं मत वेगळं आहे. जूनमध्ये सूर्यास्त नऊनंतर आणि लहान मुलं आठला झोपतात. सूर्यास्ताचाच हट्ट धरला तर शुभं करोति म्हणायला मूल जागंच नसतं, मग काही दिवसांनी ते सुटतंच. आमच्याकडे उन्हाळ्यात साडेसातला दिवा लावतो, बाहेर ऊन असलं तरी, आणि हिवाळ्यात सूर्यास्ताला. मुलांच्या तोंडी ते बसणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

८. संकष्टी असेल तर हा तक्ता चालत नाही

संकष्टीला सूर्यास्त नाही, चंद्रोदय लागतो. कालनिर्णयमध्ये छापलेला चंद्रोदय महाराष्ट्रातल्या गावांचा असतो, तो इथे लावू नका. चंद्रोदय-चंद्रास्ताचा वेगळा तक्ता काढा, पिवळ्या रकान्यात एक तास मिळवा. उन्हाळ्यात संकष्टीचा चंद्र इथे रात्री साडेअकरा-बाराच्या सुमाराला उगवतो, आणि तक्त्याच्या घड्याळात बारानंतर उगवला की तो पुढच्या तारखेच्या ओळीत जातो, त्यामुळे आज चंद्रोदयच नाही असं वाटतं. पुढची ओळ बघा. ज्यांना शुगर आहे किंवा गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात त्यांनी उन्हाळ्यातल्या संकष्टीला हे आधी बघूनच उपास धरायचा की नाही ते ठरवावं.

९. शेवटची पडताळणी

काढलेली वेळ या आकड्यांशी ताडून बघा. कोलंबसमध्ये सूर्यास्त घड्याळात कधीच ५:२० च्या आधी नसतो, तो सगळ्यात लवकर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी येतो, २१ डिसेंबरला नाही. आणि सगळ्यात उशिरा जूनच्या शेवटी, ९:१४ च्या आसपास. तुमचा आकडा याच्या बाहेर गेला तर कुठेतरी तास चुकलाय. पुण्यात हीच झेप सहाच्या आसपास ते सव्वासात एवढीच असते, म्हणून नवीन आलेल्यांना नऊचा सूर्यास्त चुकीचा वाटतो आणि ते हाताने "दुरुस्त" करतात. करू नका.

आठवड्यापूर्वी बघितलेली वेळही वापरू नका, ऑक्टोबरमध्ये सूर्यास्त रोज जवळजवळ दीड मिनिटाने अलीकडे येतो, आठवड्यात दहा मिनिटं गेली. आणि घरात सूर्यास्ताला आपोआप लागणारे दिवे, आकाशकंदील बसवले असतील तर त्या ॲपमध्येही गाव आणि राज्य उघडून बघा. आमच्या आकाशकंदिलात दोन वर्षं ओहायो होतं.